ठोकळा कुठे ठेवू?

प्रोग्रॅमिंग शिकायला लागलेल्या बहुतेकांची गाडी एकाच जागी अडते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत पडद्यावर नाव छापणं, दोन संख्यांची बेरीज, मूळ संख्या ओळखणं, वर्गाच्या गुणांची सरासरी असे धडे होतात आणि ते नीट चालतातही. मग पुस्तक संपतं आणि काय लिहावं ते सुचत नाही. बेरजेपलीकडची सगळी कामं एकदम फार मोठी वाटू लागतात. या जागी अडलेल्या माणसाला मी एक ठरावीक काम सुचवेन: एखाद्या जुन्या, छोट्या व्हिडिओ गेमसाठी सल्लागार तयार करा. खेळणारा माणूसच असेल. सल्लागार त्याच्या शेजारी बसल्यासारखा प्रत्येक चालीला सांगेल की आत्ता काय करणं बरं आणि का. यातल्या दोन्ही अटी मला महत्त्वाच्या वाटतात. खेळ जुना हवा आणि प्रोग्रॅमनं स्वतः खेळण्याऐवजी सल्ला द्यायला हवा. पहिल्या अटीमुळे शिकणाऱ्याची चूक लपत नाही. दुसरीमुळे त्याला स्वतःची समज शब्दांत मांडावी लागते, आणि प्रोग्रॅमिंगचा गाभा म्हणजे हेच मांडणं, असं माझं मत आहे.

उदाहरण म्हणून टेट्रिस घेऊ. मॉस्कोतल्या सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या दोरोदनित्सिन संगणन केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी १९८४ मध्ये तो तयार केला. त्यांच्यासमोरच्या ‘इलेक्ट्रॉनिका ६०’ या यंत्राला चित्रं काढता येत नव्हती, म्हणून ठोकळ्यांचे चौकोन त्यांनी कंसाच्या चिन्हांनी दाखवले. दहा घरं रुंद आणि वीस घरं उंच असा पट. चार-चार चौकोनांचे सात आकार एकामागून एक वरून पडतात. आडवी ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते. रास वरपर्यंत पोचली की खेळ संपतो. आपल्याकडे नव्वदच्या दशकात जत्रेत आणि खेळण्यांच्या दुकानांत मिळणारा, सेलवर चालणारा ‘ब्रिक गेम’ पुष्कळांच्या हाती आला, त्याचा करड्या पडद्यावरचा पटही दहा बाय वीसचाच होता. टेट्रिस हे नाव न ऐकलेली माणसंही तो खेळ खेळली आहेत. म्हणजे नियम समजावून सांगण्यात वेळ जात नाही, आणि शिकणाऱ्याच्या बोटांना खेळ आधीच येत असतो. ही दुसरी गोष्ट पुढे फार उपयोगी पडते.

जुना खेळच का, याचं उत्तर त्याच्या आकारात आहे. टेट्रिसचं सगळं जग दोनशे घरांत मावतं. प्रत्येक घर एक तर रिकामं किंवा भरलेलं. कागदावर काढता येतं, बोटानं मोजता येतं, आणि पडद्यामागे काही दडलेलं नसतं. आजच्या मोठ्या खेळात प्रकाश, सावल्या, पात्रांच्या हालचाली, जगभरातून जोडले गेलेले खेळाडू इतकं काही चाललेलं असतं की आपल्या प्रोग्रॅमनं चुकीचा निर्णय का घेतला हे शोधणं नवशिक्याच्या आवाक्याबाहेर जातं. संशोधकांनीही जुने खेळ निवडले ते बऱ्याच अंशी याच कारणानं. १९७७ च्या अटारी २६०० या यंत्राची कामाची मेमरी अवघी १२८ बाइट होती. त्याच्या खेळांवर प्रोग्रॅमची परीक्षा घेण्यासाठी २०१३ मध्ये ‘आर्केड लर्निंग एन्व्हायर्नमेंट’ नावाची चाचणी-व्यवस्था प्रसिद्ध झाली. लंडनच्या डीपमाइंडनं आपली शिकणारी प्रणाली त्याच वर्षी अटारीच्या सात खेळांवर आणि २०१५ मध्ये एकोणपन्नास खेळांवर चालवून दाखवली, आणि तिथून या शाखेकडे साऱ्या जगाचं लक्ष गेलं. छोट्या जगात काय घडतंय ते नीट मोजता येतं. ही सोय ज्या कामात मोठमोठ्या प्रयोगशाळांना लागली, ती शिकणाऱ्यानं नाकारायचं काही कारण नाही.

पहिलं काम पट कॉम्प्युटरमध्ये उतरवण्याचं. पायथन या भाषेत बहुतेक जण वीस ओळींची यादी करतात आणि प्रत्येक ओळीत दहा शून्यं ठेवतात. इथेच एक जुनी, जगभर पुन्हा पुन्हा होणारी चूक वाट पाहत असते. दहा शून्यांची एक ओळ लिहून ती ‘गुणिले वीस’ केली की वीस ओळी तयार झाल्या असं वाटतं. प्रत्यक्षात ओळ एकच असते आणि तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या वीस खुणा तयार होतात. तळाच्या ओळीत एक चौकोन भरला की वरपासून खालपर्यंत तोच उभा पट्टा भरलेला दिसतो. पुस्तकात हाच मुद्दा ‘नाव वेगळं आणि वस्तू वेगळी’ अशा एका वाक्यात येतो आणि वाचणारा मान डोलावून पुढे जातो. इथे तो डोळ्यांसमोर घडतो. पुढची चूकही याच जातीची आहे. सल्लागाराला ‘हा ठोकळा इथे ठेवला तर काय होईल’ हे कल्पनेत करून बघावं लागतं. त्यासाठी पटाची खरी प्रत न काढता नुसतं दुसरं नाव दिलं, तर कल्पनेतला ठोकळा खऱ्या पटावर जाऊन बसतो. तिसरी चूक भरलेल्या ओळी काढताना होते: यादीवरून पुढे सरकत असतानाच तिच्यातली एक ओळ काढली की नंतरची ओळ एक जागा सरकते आणि तपासायची राहून जाते, म्हणून लागून असलेल्या दोन ओळी एकाच वेळी भरल्या तर एकच नाहीशी होते. ‘लोगो’ ही मुलांची प्रोग्रॅमिंग भाषा घडवणाऱ्यांपैकी एक असलेल्या सीमोर पेपर्ट यांनी १९८० च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकात चूक शोधून सुधारणं हाच शिकण्याचा मुख्य भाग मानला होता. त्याला एक पूर्वअट असते. चूक शिकणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसली पाहिजे, शिक्षकाच्या लाल शाईतून नव्हे. टेट्रिसच्या पटावर ती दिसते.

पट उभा राहिला की खरा प्रश्न येतो: ठोकळा कुठे ठेवायचा? आधी पर्याय मोजू. चौकोनी ठोकळा वळवून काही बदलत नाही, म्हणून त्याला नऊ जागा. लांब पट्टी उभी धरली तर दहा जागा, आडवी धरली तर सात, मिळून सतरा. नागमोडी आकाराच्या दोघांनाही सतरा-सतरा. एल, त्याचा आरशातला जोडीदार आणि टी हे चार बाजूंनी वळतात, त्यांना चौतीस. म्हणजे सरळ वरून सोडायचं म्हटलं तर कोणत्याही क्षणी जास्तीत जास्त चौतीस पर्याय. पुढचा ठोकळाही दिसत असेल तर दोन्ही मिळून जास्तीत जास्त १,१५६. एवढे पर्याय साधा लॅपटॉप क्षणात तपासतो. याच्या उलट, दोनशे घरांच्या भरलेल्या-रिकाम्या सगळ्या मांडण्या मोजायला गेलं तर त्यांची संख्या ६१ अंकी होते. या दोन आकड्यांमध्ये एक मोठा धडा आहे. पर्याय सगळे तपासता येतात, पण प्रत्येक मांडणीचं उत्तर आधीच पाठ करून ठेवता येत नाही. म्हणून समोरच्या मांडणीकडे बघून ती किती बरी किती वाईट हे ठरवणारी काही मोजणी हवी. क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्ये बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रॅमवर लिहिलेल्या निबंधात हीच वाट दाखवली होती: चाली पुढे नेऊन बघा आणि येणाऱ्या स्थितीला एका सूत्रानं गुण द्या.

गुण कशाला द्यायचे, हे ठरवण्यात शिकणाऱ्याचा खरा कस लागतो. भाकरीच्या पिठात पाणी किती, असं विचारलं तर सराईत हात ‘अंदाजानं’ म्हणतो. तो अंदाज खोटा नसतो, फक्त कधी शब्दांत मांडलेला नसतो. टेट्रिस खेळणाऱ्या बोटांचंही तसंच आहे. ‘मध्ये भोक ठेवू नये’ एवढं कुणीही सांगेल. कॉम्प्युटरला सांगायचं तर भोक म्हणजे काय ते सांगावं लागतं. पहिली व्याख्या सुचते ती अशी: रिकामं घर, ज्याच्या वर त्याच उभ्या रांगेत कुठेतरी भरलेलं घर आहे. चार-पाच ओळींच्या कोडमध्ये ती बसते आणि बहुतेक वेळा चालते. मग एखाद्या डावात असं होतं की वर झाकण आहे, पण बाजूनं ठोकळा सरकवून ते घर भरता येतं. खेळणाऱ्याला ते भोक वाटत नाही, प्रोग्रॅमला वाटतं. आता व्याख्या बदलायची, की बाजूनं सरकवण्याची चाल पर्यायांत घालायची, की दोन प्रकारच्या पोकळ्या वेगळ्या धरायच्या? शिवाय मोजणी भरलेल्या ओळी काढण्याआधी करायची की नंतर? आधी केली तर जी पोकळी ओळ गेल्यावर उघडी पडणार आहे तीही दोष म्हणून धरली जाते. या प्रश्नांची उत्तरं भाषेच्या पुस्तकात नसतात. ती खेळाकडे, म्हणजे ज्या जगाबद्दल आपण लिहितो आहोत त्याच्याकडे नीट बघून काढावी लागतात. बँकेचा, रुग्णालयाचा किंवा धरणातल्या पाण्याचा हिशेब लिहिणारा प्रोग्रॅमर आयुष्यभर हेच करतो: लोक सहज वापरतात त्या शब्दाची यंत्राला पुरेल अशी व्याख्या करतो आणि ती कुठे तोकडी पडते ते शोधतो.

व्याख्या नीट केली तर केवढा फरक पडतो, हे टेट्रिसच्याच इतिहासात दिसतं. १९९६ मध्ये बर्टसेकस आणि योफे या संशोधकांनी गणिती शिक्षणपद्धतीनं तयार केलेला प्रोग्रॅम सरासरी सुमारे ३,२०० ओळी काढत असे. पुढे पिएर देलाशेरी यांनी हातानं बेतलेली एक पद्धत २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात मोजायच्या गोष्टी फक्त सहा: ठोकळा किती उंचीवर टेकला, त्याच्यामुळे किती ओळी गेल्या आणि त्यात त्याचे स्वतःचे किती चौकोन खर्ची पडले, आडव्या ओळीत भरलेलं-रिकामं असा बदल किती वेळा होतो, उभ्या रांगेत तो किती वेळा होतो, पोकळ्या किती आणि दोन्ही बाजूंनी बंद अशा विहिरी किती खोल. पोकळीला उणे चार, ओळी काढण्याच्या मापाला अधिक एक, बाकी सगळ्यांना उणे एक. एवढ्या साध्या बेरीज-वजाबाकीवर चालणारी ही पद्धत सहा लाखांहून जास्त ओळी काढू शकली. हे आकडे शेजारी ठेवताना काळजी घ्यायला हवी, कारण ठोकळा वरच्या कडेला अडकला की खेळ नेमका कधी संपला धरायचा यासारख्या बारीक नियमांनी निकाल खूप बदलतात. तरीही शेकडो पटींचा फरक नियमांच्या आड लपत नाही. तो काय मोजायचं याच्या निवडीतून आला. ‘आडव्या ओळीत किती वेळा बदल होतो’ हे माप कुणालातरी पटाकडे फार वेळ बघूनच सुचलेलं असणार.

इथे एक आक्षेप येईल: हाताने आकडे घातलेली बेरीज-वजाबाकी ही कसली कृत्रिम बुद्धिमत्ता? आज हा शब्द ज्यांच्यासाठी वापरतात ती मोठी न्यूरल जाळी स्वतःच शिकतात. आक्षेपात तथ्य आहे, पण वारसा विसरून चालणार नाही. आयबीएममधल्या आर्थर सॅम्युएल यांचा चेकर्स खेळणारा प्रोग्रॅम यंत्रशिक्षणाच्या आरंभीच्या टप्प्यांपैकी एक मानला जातो. १९५९ च्या त्यांच्या निबंधातली पद्धत अशाच मापांची आणि वजनांचीच होती. प्रोग्रॅम खेळत जाई आणि कोणत्या मापाला किती वजन द्यायचं ते स्वतः सुधारत जाई. टेट्रिसच्या सल्लागारातही पुढची पायरी हीच येते. सहा वजनं हातानं न देता, वेगवेगळ्या वजनांचे शंभर प्रोग्रॅम खेळवायचे, त्यातले चांगले निवडायचे, त्यांच्या आसपासची नवी वजनं घ्यायची आणि पुन्हा खेळवायचं. जवळपास याच विचारानं चालणाऱ्या पद्धतीनं सिता आणि ल्योरिंत्स यांनी २००६ मध्ये सुमारे साडेतीन लाख ओळींपर्यंत मजल मारली. म्हणजे शिकणाऱ्यानं आधी हातानं वजनं द्यावीत, मग यंत्राला शोधू द्यावीत आणि दोन्ही शेजारी ठेवून बघावीत. यंत्रानं पोकळीचं वजन आपल्यापेक्षा जास्त ठेवलं की कमी, हे वाचता येतं आणि त्यावर विचार करता येतो. थेट मोठ्या जाळ्यापासून सुरुवात केली तर खेळ कदाचित चांगला होईल, पण लाखो आकड्यांच्या ढिगात शिकणाऱ्याला वाचण्यासारखं काही राहणार नाही.

आता दुसरी अट: सल्लागार, खेळाडू नव्हे. स्वतः खेळणारा प्रोग्रॅम लिहिला की तो एका जागी ठोकळा टाकतो आणि आपण गुणसंख्या वाढताना बघत राहतो. सल्ला द्यायचा म्हटलं की माणूस विचारतो, तिथेच का? मापं आणि वजनं वापरलेली असतील तर कारण वजाबाकीतून मिळतं. समजा डाव्या जागेला उणे तेरा गुण पडले आणि उजव्या जागेला उणे अठरा. पाचांचा फरक कुठून आला? चार गुण पोकळीचे, एक उंचीचा. म्हणजे पडद्यावर लिहिता येतं: ‘उजवीकडे ठेवला तर एक पोकळी बंद होऊन बसेल आणि रास एक घर वर जाईल.’ हे वाक्य तयार करणारा कोड छोटाच असतो. तो लिहिताना मात्र आपली मापं माणसाला पटणारी आहेत का, याची परीक्षा होते. एखादं माप गुणसंख्या वाढवतं, पण त्याचं कारण शब्दांत सांगता येत नाही असं आढळलं, तर ते तसंच ठेवायचं की काढायचं? कर्जाचा अर्ज नाकारणाऱ्या किंवा रोगाचं निदान सुचवणाऱ्या प्रणालींबद्दल आज जगभर हाच वाद चालू आहे. सोळा वर्षांची मुलगी टेट्रिसच्या पटावर त्या वादाला स्वतःच्या हातानं भिडू शकते, हे मला फार मोलाचं वाटतं.

सल्ल्याबरोबर आणखी एक प्रश्न येतो: सल्ला कुणाच्या उद्दिष्टासाठी? निन्टेन्डोच्या १९८९ च्या टेट्रिसमध्ये एक ओळ काढली तर मूळ ४० गुण, दोन एकदम काढल्या तर १००, तीन काढल्या तर ३०० आणि चार एकदम काढल्या तर १,२००. पातळी वाढेल तसे हे आकडे वाढतात. चार ओळी सुट्या काढल्या तर १६०, एकत्र काढल्या तर १,२००. म्हणून गुण हवे असलेला खेळाडू मुद्दाम एका कडेला विहीर मोकळी ठेवतो आणि लांब पट्टीची वाट बघतो. जास्तीत जास्त टिकायचं म्हणून घडवलेला सल्लागार मात्र त्याला पुन्हा पुन्हा सांगेल, विहीर बुजवा. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. त्यांची उद्दिष्टं वेगळी आहेत एवढंच. उद्दिष्ट नीट न सांगितल्याचं टोकाचं उदाहरण २०१३ मध्ये टॉम मर्फी यांच्या प्रयोगात दिसलं. त्यांच्या प्रोग्रॅमला खेळाचे नियम ठाऊक नव्हते. माणसाच्या खेळात मेमरीतले जे आकडे वाढत जातात ते वाढवत राहायचं, एवढंच तो शिकला होता. टेट्रिसमध्ये त्यानं ठोकळे वेडेवाकडे रचले आणि हरण्याच्या ऐन क्षणी खेळ थांबवण्याचं बटण दाबून ठेवलं. थांबलेल्या खेळात हार होत नाही! प्रोग्रॅमनं काही लबाडी केली नव्हती, त्याला जे सांगितलं होतं त्याचं ते काटेकोर पालन होतं. शिकणाऱ्यानं हे ऐकण्यापेक्षा स्वतःच्या सल्लागारात त्याची छोटी आवृत्ती घडताना बघावी: ओळी काढण्याचं वजन दसपट करावं आणि एका ओळीच्या मोहात सल्लागार खाली तीन पोकळ्या कशा ठेवतो ते पाहावं.

सल्ला माणसाच्या हाताला झेपायलाही हवा. निन्टेन्डोच्या त्याच खेळात एकोणतिसाव्या पातळीपासून ठोकळा सेकंदाच्या साधारण साठाव्या भागात एक घर खाली येतो. वीस घरं संपायला सेकंदाचा एक तृतीयांश पुरतो. अशा वेळी पटाच्या दुसऱ्या टोकाची सर्वोत्तम जागा दाखवणं निरुपयोगी, कारण बोटं तिथे पोचणारच नाहीत. मग वेगाची मर्यादा लक्षात घेऊन गाठता येतील तेवढ्याच जागांतून निवड करावी लागते आणि ‘सर्वोत्तम’ या शब्दाचा अर्थच बदलतो.

सुधारणा केली की प्रोग्रॅम खरंच सुधारला का, हे कसं कळणार? सवय अशी की एक डाव खेळवायचा, गुण वाढलेले दिसले की समाधान मानायचं. टेट्रिस ही सवय मोडतो. एकच प्रोग्रॅम एका डावात पाचशे ओळी काढतो आणि दुसऱ्यात आठ हजार, कारण ठोकळ्यांचा क्रम नशिबाचा असतो. डावांच्या लांबीतला चढउतार जवळजवळ सरासरीएवढाच मोठा असतो; शंभर डावांची सरासरी घेतली तरी तिच्यात दहा टक्क्यांच्या आसपास अनिश्चितता उरते. म्हणून दोन आवृत्त्यांना ठोकळ्यांचे तेच क्रम द्यायचे, भरपूर डाव खेळवायचे आणि मगच बोलायचं. संख्याशास्त्राचा हा धडा वर्गात रुक्ष वाटतो. आपल्याच दोन प्रोग्रॅमपैकी कोण सरस हे ठरवायचं असलं की तो हवाहवासा होतो. नशिबाला कायमचं हरवता येत नाही, हेही सिद्ध झालेलं आहे. गणितज्ञ हायडी बर्गियल यांनी १९९७ मध्ये दाखवलं की नागमोडी आकाराचे दोन ठोकळे आळीपाळीनं येत राहिले तर कितीही हुशारीनं खेळलं तरी सुमारे ७०,००० ठोकळ्यांच्या आत खेळ संपतोच. पुढे एरिक डिमेन आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केलं की ठोकळ्यांचा सगळा क्रम आधीच कळला तरी सर्वांत चांगला खेळ शोधणं हे कॉम्प्युटरला अवघड असलेल्या गणितांच्या कुप्रसिद्ध वर्गात मोडतं. म्हणजे सल्लागार अचूक कधीच असणार नाही, आणि शिकणाऱ्याला हे कळलेलं असणं त्याच्या सल्ल्याइतकंच गरजेचं आहे.

आज सर्वांत जोरानं मांडला जाणारा आक्षेप वेगळाच आहे. मोठ्या भाषा-प्रारूपाला एक वाक्य टाइप केलं तर असा सल्लागार ते मिनिटभरात लिहून देतं. मग महिनाभर डोकं का शिणवायचं? कोड मिळतो हे खरं आहे, आणि बहुतेक वेळा चालतोही. पण तो पोकळी कशाला म्हणतो, ओळी काढण्याआधी मोजतो की नंतर, टिकण्यासाठी सल्ला देतो की गुणांसाठी, हे निर्णय त्यात कुणीतरी घेतलेलेच असतात. स्वतः एकदाही ते निर्णय न घेतलेल्या माणसाला ते दिसणारसुद्धा नाहीत. उलट ज्यानं बाजूनं सरकवण्याच्या पोकळीशी झटापट केली आहे तो तयार कोड उघडून थेट त्या जागी बोट ठेवतो. प्रारूपं वापरू नयेत असं मी म्हणत नाही. पडद्यावर रंग कसे भरायचे, कळफलकाची बटणं कशी वाचायची हे त्यांना खुशाल विचारावं. मापं कोणती, उद्दिष्ट कोणतं आणि निकाल खरा कसा तपासायचा, ही तीन कामं मात्र स्वतःकडे ठेवावीत. लिहिणारं यंत्र जितकं स्वस्त होईल तितकी तपासणाऱ्या माणसाची गरज वाढेल, आणि तपासायला शिकण्याची दुसरी वाट मला दिसत नाही.

पालकांचा आक्षेप साधा असतो: अभ्यासाच्या नावाखाली खेळच ना? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंग यायचं आहे, तेव्हा हा प्रश्न घरोघरी येईल. सल्लागार बांधणारं मूल खेळण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ मोजणी, वही आणि चुका यांच्याबरोबर घालवतं. या कामाला महागडं यंत्रही लागत नाही. दहा वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर पुरतो, इंटरनेट नसलं तरी अडत नाही. एक सावधगिरी मात्र हवी. शिकण्यासाठी खेळाची स्वतःची आवृत्ती लिहिणं वेगळं आणि ती बाजारात ठेवणं वेगळं. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या संघीय न्यायालयानं टेट्रिससारखा दिसणारा खेळ विकणाऱ्या कंपनीविरुद्ध निकाल दिला. खेळामागची कल्पना कुणाच्या मालकीची नसते, पण त्याचं रूप उचलता येत नाही, असा त्याचा आशय होता.

शेवटचा आक्षेप खेळावर प्रेम करणाऱ्यांचा आहे आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. प्रत्येक चालीला सल्ला मिळाला तर खेळाडूची नजर मरेल, असं त्यांचं म्हणणं. सतत दिसणाऱ्या सल्ल्यानं तसं होऊ शकतं, म्हणून सल्ला मागितल्यावरच दाखवावा, किंवा डाव संपल्यावर चुकलेल्या चाली परत दाखवाव्यात. हीही रचनेची बाब आहे आणि बांधणाऱ्यानंच ती ठरवायची आहे. पण यंत्राच्या खेळानं माणसाचा खेळ मरतो, या भीतीला टेट्रिसनंच उत्तर दिलं आहे. निन्टेन्डोची आवृत्ती एकोणतिसाव्या पातळीवर माणसासाठी संपते, असं कित्येक वर्षं मानलं जात होतं. मग बटणं दाबण्याच्या नव्या पद्धती शोधून खेळाडू पुढे जाऊ लागले. दरम्यान स्टॅकरॅबिट नावाच्या प्रोग्रॅमच्या खेळातून दिसलं की फार पुढच्या पातळ्यांवर खेळ स्वतःच कोसळतो. एका चित्रचौकटीच्या वेळात गुणांचा हिशेब पुरा होत नाही आणि यंत्र अडकतं. अभ्यासकांनी मूळ कोड वाचून हे नेमकं कोणत्या पातळीवर आणि कोणत्या चालीनं घडू शकतं त्याची यादी तयार केली. पहिली संधी १५५ व्या पातळीवर होती. डिसेंबर २०२३ मध्ये ओक्लाहोमातला तेरा वर्षांचा विलिस गिब्सन १५७ व्या पातळीवर पोचला, त्यानं एक ओळ काढली आणि पडदा जागच्या जागी थिजला. चौतीस वर्षांच्या त्या खेळाला शेवटपर्यंत नेणारा तो पहिला माणूस ठरला. ते टोक कुठे आहे हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनी आणि कोड वाचणाऱ्यांनी शोधलं होतं. तिथवर बोटं त्याची गेली.